घरी काडतुसं भरणं अजून परवडतं का? अमेरिकेतल्या ‘रीलोडिंग’चा खरा हिशोब

बीजीएमआय खेळताना ‘रीलोड’ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मॅगझिन संपली, बटण दाबलं, दोन-तीन सेकंदांत बंदूक तयार. अमेरिकेत मात्र या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि त्यात दोन सेकंद नाही तर अख्खा रविवार जातो. एकदा झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घरी आणायची, साफ करायची, आणि गॅरेजमधल्या छोट्या यंत्रावर पुन्हा भरायची. हे रीलोडिंग. तिथे हा अनेक दशकं चालत आलेला, कायदेशीर छंद आहे. लोक हे का करतात असं विचारलं की बहुतेकांचं पहिलं उत्तर एकच असतं: पैसे वाचतात.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आमच्या क्लायंटच्या टीममधला ओहायोतला एक सीनियर हे गेली कित्येक वर्षं करतो. एकदा कॉलवर वेळ उरला म्हणून त्याने त्याची एक्सेल शीट दाखवली. प्रत्येक काडतुसाचा खर्च सेंटच्या दशांशापर्यंत मांडलेला! मी ती शीट पाहून पायथनमध्ये एक छोटा कॅल्क्युलेटर लिहिला, वेगवेगळ्या किमती टाकून पाहिल्या. त्यातून जे दिसलं ते इथे लिहितोय.

दोन गोष्टी आधीच सांगतो. काडतूस कसं भरायचं हे या लेखात नाही. आणि भारतात हे परवान्याशिवाय करणं गंभीर गुन्हा आहे, त्याबद्दल शेवटी लिहिलंय, ते वगळू नका. किमती सगळ्या अमेरिकेतल्या, २०२५ च्या आसपासच्या आणि ढोबळ आहेत. दुकानागणिक बदलतात. सोपं जावं म्हणून लक्षात ठेवा: एक सेंट म्हणजे रुपयाला थोडा कमी. म्हणजे सेंटच्या जागी रुपये वाचलेत तरी अंदाज फार चुकणार नाही.

काडतुसात असतं काय?

आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो, पण काडतूस चार भागांचं असतं. पुढे असते ती खरी गोळी, शिसं आणि त्यावर तांब्याचं आवरण. मागे पितळेची पुंगळी. पुंगळीत प्रोपेलंट, म्हणजे ज्याला आपण बंदुकीची दारू म्हणतो ती पावडर. आणि पुंगळीच्या बुडाशी मध्यभागी बसवलेली बटणाच्या सेलसारखी दिसणारी बारीक वाटी, तिचं नाव प्रायमर. घोडा ओढला की पिन प्रायमरवर आपटते, ठिणगी पडते, पावडर जळते, गॅसच्या दाबाने गोळी पुढे जाते.

यातल्या तीन गोष्टी एका बारमध्ये संपतात. उरते ती पुंगळी. आणि गंमत अशी की नवीन घ्यायला गेलं तर बऱ्याच काडतुसांत सगळ्यात महाग किंवा जवळपास तेवढाच महाग भाग तीच असते. पिस्तुलाची पुंगळी हरवेपर्यंत किंवा फाटेपर्यंत वापरता येते. रायफलमध्ये दाब जास्त असतो, त्यामुळे तिथे साधारण पाच ते दहा वेळा, नंतर तिच्या मानेला चिरा पडायला लागतात. रीलोडिंगचं सगळं अर्थशास्त्र या एका पितळेच्या नळीवर उभं आहे.

एक प्रकार मात्र या खेळाच्या बाहेर आहे: .२२ एलआर. यात वेगळा प्रायमर नसतो, पेटणारं मिश्रण पुंगळीच्या कडेच्या आत भरलेलं असतं आणि पिन ती कड चेचते. चेचलेली कड परत सरळ करून त्यात मिश्रण भरणं म्हणजे नसता उद्योग. शिवाय सरावाचं .२२ दुकानात सात-आठ सेंटला मिळतं. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. या दोन्ही प्रकारांत .२२ च असतं. त्या पातळीवर काडतूस घरी भरत नाहीत. कारखान्यातल्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्याच रायफलमधून झाडून बघतात आणि ज्या लॉटचा ग्रुप सगळ्यात घट्ट येतो तो लॉट उचलतात.

९ एमएम: जिथे गणित गडबडतं

अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या काडतुसांपैकी हे एक, म्हणून आधी याचाच हिशोब करू.

गोळी घाऊक घेतली तर साधारण साडेदहा सेंट. प्रायमर सात सेंट. पावडर पाउंडावर मिळते आणि एका पाउंडात ७,००० ग्रेन असतात (ग्रेन हे जुनं वजनाचं माप, दाण्यावरून आलेलं). ९ एमएमला हिशोबापुरते ५ ग्रेन धरले तर एका पाउंडात १,४०० काडतुसं होतात. पाउंड ४५ डॉलरला, म्हणजे प्रत्येकी ३.२ सेंट. पुंगळी रेंजवरून उचललेली, फुकट. बेरीज झाली २०.७ सेंट.

दुकानात तेच काडतूस साधारण २४ सेंटला मिळतं. म्हणजे एका काडतुसामागे सव्वातीन सेंट वाचले. बस.

आता यंत्राचा खर्च. एकेक काम करणारा साधा प्रेस, वजनकाटा वगैरे धरून किट ३०० डॉलरचं धरा. ते वसूल व्हायला ९,००० काडतुसं भरावी लागतील. साध्या प्रेसवर तासाला साठेक होतात, म्हणजे दीडशे तास. आणि त्या दीडशे तासांची मजुरी? तासाला साधारण दोन डॉलर. अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे!

यावर उपाय म्हणून लोक प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतात. ॲरिझोनातल्या डिलन कंपनीचे प्रेस यात प्रसिद्ध आहेत. एकदा हँडल ओढलं की पाच ठिकाणी पाच कामं एकाच वेळी होतात, तासाला चार-पाचशे काडतुसं सहज. पण सगळ्या जोडण्यांसकट हजार डॉलर आणि वर. सव्वातीन सेंटने हजार डॉलर वसूल करायला तीस हजार काडतुसं. वर्षाला दोन हजार झाडणाऱ्या माणसाला पंधरा वर्षं लागतील. मी माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये हा आकडा दोनदा तपासला, कारण ओहायोवाल्याच्या शीटच्या जुन्या पानावर, २०१९ च्या किमतींवर, चित्र जरा बरं होतं.

२०१९ नंतर झालं काय

तेव्हा प्रायमर तीन सेंटला मिळायचा. हजाराचा डबा तीस डॉलर. पावडर पंचवीस डॉलर पाउंड. म्हणजे ९ एमएम घरी १३ सेंटला पडायचं आणि दुकानात १७-१८ ला. फरक चार-पाच सेंटचाच, पण मूळ किमतीच्या मानाने पाव हिस्सा वाचायचा. आज वाचतो तो सातवा हिस्सा.

२०२० मध्ये कोविड, शहरांतली आंदोलनं आणि निवडणूक असं सगळं एकत्र आलं आणि अमेरिकन लोकांनी बंदुका विकत घ्यायचा सपाटा लावला. एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा त्या एका वर्षात जवळपास चार कोटींवर गेला. त्याच वर्षी जुलैत रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचा काडतुसांचा कारखाना काही काळ रखडला. ९ एमएम साठ-सत्तर सेंटवर पोचलं. ज्याच्या कपाटात २०१९ चे प्रायमर होते तो मात्र १३ सेंटला भरत होता. ‘रीलोडिंगने पैसे वाचतात’ ही ख्याती आजही टिकून आहे ती बरीचशी त्या दोन वर्षांमुळे.

पण त्या काळात नव्याने या छंदात उतरायला गेलेला माणूस फसला. कारण टंचाई काडतुसांची होती तशीच सुट्या भागांचीही होती. कारखाना प्रायमर आधी स्वतःच्या तयार काडतुसात वापरणार, उरले तर सुटे विकणार. अमेरिकेत प्रायमर बनवणारी मोठी नावं मोजकी: सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन, विंचेस्टर. यातली पहिली तिन्ही २०२० पासून एकाच मालकाकडे, व्हिस्टा आउटडोअरकडे होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो सगळा व्यवसाय झेक प्रजासत्ताकाच्या चेकोस्लोवाक ग्रुपने घेतला. प्रायमर घरी करायची गोष्ट नाही. म्हणजे तुम्ही स्वतः भरता म्हणून स्वावलंबी आहात असं वाटतं, पण नाडी त्याच चार ब्रँडच्या हातात.

मग पावडर. तिचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज, आणि तो बनतो कापसाच्या लिंटरपासून. विदर्भातल्यांना हे लगेच कळेल: जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, ते लिंटर. त्याच्या पुरवठ्यात चीनचा वाटा मोठा. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर युरोप आणि अमेरिकेत तोफगोळ्यांसाठी हीच पावडर मोठ्या प्रमाणात लागायला लागली. तोफखान्याची गरज आणि गॅरेजमधल्या छंदाची गरज एकाच पाइपलाइनवर आली की पहिला नंबर कोणाचा लागतो हे उघड आहे. २०२३ च्या अखेरीस व्हिस्टाने पावडरचे दर वाढवत असल्याचं कळवलं, कारण दिलं जागतिक टंचाईचं.

त्यात अजून एक छुपा खर्च आहे जो यूट्यूबवरच्या व्हिडिओंत बरेचदा गाळतात. प्रायमर आणि पावडर कुरिअरने मागवली तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लागतं, पार्सलमागे वीस-तीस डॉलर. हजार प्रायमर मागवले तर प्रत्येकी दोन-तीन सेंट इथेच गेले. ९ एमएमची सगळी बचत तेवढीच होती! म्हणून जुने लोक पाच-दहा हजार एकदम मागवतात किंवा चार मित्र मिळून ऑर्डर टाकतात.

मग कुणाला परवडतं?

ज्याचं काडतूस मुळातच महाग आहे त्याला.

.३०८ विंचेस्टर घ्या. लांब पल्ल्याच्या स्पर्धेसाठी लागणारं मॅच दर्जाचं काडतूस दुकानात १.९० डॉलरच्या आसपास. घरी भरलं तर चांगली गोळी ४६ सेंट, प्रायमर ९, पावडर ३१ (इथे काडतुसामागे ४४ ग्रेन धरलेत, पाउंड ५० डॉलर), आणि चांगल्या पुंगळीची किंमत नऊ-दहा वापरांत वाटली तर ११ सेंट. एकूण ९७. सरळ निम्मं. एकामागे ९३ सेंट वाचत असतील तर ५०० डॉलरचं सामान साडेपाचशे काडतुसांत वसूल. .३३८ लापुआ मॅग्नमसारख्या प्रकारात एकेक काडतूस पाच-सहा डॉलरचं असतं, तिथे तर विचारायलाच नको.

या लोकांना पैशापेक्षा दुसरीच गोष्ट हवी असते, ती म्हणजे सारखेपणा. कारखाना एकच काडतूस लाखो बंदुकांसाठी बनवतो. घरी भरणारा आपल्या एका रायफलसाठी बनवतो, प्रत्येक चार्ज वजन करून. सहाशे मीटरवर तो फरक कागदावर दिसतो. आपल्या भाषेत सांगायचं तर कंपनीच्या स्टॉक रॉमऐवजी आपल्याच फोनसाठी कंपाइल केलेली रॉम. आणि रॉमसारखंच, काही चुकलं तर वॉरंटी नाही. इथे ब्रिक होतो तो फोन नसतो, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरचा लोखंडी कप्पा असतो. एका पुंगळीत चुकून दोनदा पावडर पडली तर पिस्तूल फुटतं. अजिबात पडली नाही तर गोळी नळीत अडकते, आणि पुढची झाडली की तेच होतं. त्यामुळे काम करताना टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, असा ओहायोवाल्याचा नियम आहे.

५.५६ किंवा त्याचं नागरी भावंडं .२२३ मधोमध येतं. साधं सरावाचं काडतूस घरी ३६ सेंट, बाहेर ४८. बारा सेंट ऐकायला बरे वाटतात, पण रायफलच्या पुंगळीला पिस्तुलापेक्षा जास्त कष्ट आहेत: वंगण लावा, आकारात आणा, लांबी कापा, कडा घासा. साध्या प्रेसवर तासाला पन्नास झाली तर सहा डॉलर मजुरी. या आकाराचं काडतूस स्वस्त राहण्यामागे मिसुरीतला लेक सिटी हा सरकारी कारखाना आहे. लष्करासाठी ५.५६ बनवता बनवता तिथली जादा क्षमता बाजारात येते, आणि तेवढ्या प्रचंड उत्पादनाशी गॅरेजने काय स्पर्धा करायची!

शॉटगनचं थोडक्यात सांगतो. १२ गेजची टार्गेट काडतुसं इतक्या घाऊक प्रमाणात बनतात की भरण्यात फारसं काही वाचत नाही. २८ गेज आणि .४१० कमी खपतात म्हणून दुकानात महाग असतात, तिथे वाचतं. तर्क तोच.

गेमवाल्यांसाठी एक गोष्ट राहिली. बीजीएमआयमध्ये एकेएम आणि कार९८के दोन्हींना ‘७.६२’ चालतं. खऱ्या जगात एकेएमचं ७.६२×३९ आणि कार९८केचं ७.९२×५७, दोन्ही पूर्ण वेगळी काडतुसं आहेत, एकमेकांत बसणारही नाहीत. आणि एकेएमचं काडतूस भरण्याचा विचार अमेरिकेत वर्षानुवर्षं कोणी करत नव्हतं, कारण रशियाहून पोलादी पुंगळीचा स्वस्त माल येत होता, जो भरायला सोयीचाही नव्हता. २०२१ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेने रशियन काडतुसांचे नवे आयात परवाने बंद केले, तेव्हापासून हळूहळू त्याचाही हिशोब लोक मांडू लागले. गेममध्ये एडब्ल्यूएमची .३०० मॅग्नम फक्त एअरड्रॉपमध्ये मिळते, हे मात्र डेव्हलपरने बरोबर पकडलंय. खरं जगही तसंच: मॅग्नम महाग.

घरी भरणाऱ्यांमध्ये एक विनोद चालतो की बचत होत नाही, फक्त तेवढ्याच पैशात जास्त झाडून होतात. माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये याचा रकाना टाकला नाही, पण ओहायोवाल्याच्या शीटमध्ये वार्षिक खर्चाची ओळ आहे आणि ती प्रेस घेतल्यानंतर खाली आलेली नाही. काडतुसांची संख्या तेवढी वाढलीये.

अमेरिकेत असलेल्या मराठी मुलांनी हे वाचा

तिथे स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायचं असेल तर लागतो. हे ऐकून एखाद्या मित्राच्या गॅरेजमध्ये हौसेने बसायच्या आधी आपला व्हिसा बघा. एफ-१ किंवा एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई करतो. काही अपवाद आहेत, त्यातला सर्वात माहितीतला म्हणजे वैध शिकार परवाना. आणि त्याच कायद्यातल्या ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत रिकामी पुंगळी, प्रायमर, सुटी गोळी आणि पावडर हे चारही भाग वेगवेगळे येतात. म्हणजे बंदूक हातात घेतली नाही, फक्त प्रायमरचा डबा विकत घेऊन घरी ठेवला, तरी प्रश्न उभा राहू शकतो. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही.

आणि भारतात

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. स्वतःकडे परवान्याची बंदूक आहे म्हणजे काडतूस भरायचाही परवाना आहे असं होत नाही, ते वेगळं आहे. आपल्याकडे हे काम खडकीच्या १८६९ पासून चालू असलेल्या दारूगोळा कारखान्यात होतं, भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यात होतं. दोन्ही आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडखाली आहेत, तिचं मुख्यालयही पुण्यातच.

व्याख्येतला एक तुकडा मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतो. आपल्या कायद्यात ‘दारूगोळा’ म्हणजे भरलेलं काडतूस एवढंच नाही. त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंसुद्धा त्यात मोडतात. म्हणजे अमेरिकेतल्या वेबसाइटवर शंभर डॉलरला दिसणारा तो साधा लोखंडी प्रेस तिथे हार्डवेअरच्या दुकानातल्या वस्तूसारखा विकला जातो, पण भारतात त्याची ऑर्डर टाकणं हा वेगळाच मामला आहे. रेंजवर फिरायला गेल्यावर आठवण म्हणून खिशात टाकलेली रिकामी पुंगळी किंवा तिची केलेली कीचेन, परतीच्या बॅगेत टाकू नका. विमानतळाच्या स्कॅनरवर पितळेची नळी स्पष्ट दिसते, आणि पुढची विचारपूस पोलीस ठाण्यात होते.